बागेतलं विमान किलोवर विकू नका : एक खुलं पत्र

प्रति,
आमच्या नवी मुंबईतल्या नोडमधली (म्हणजे वसाहतीतली) ती बाग ज्यांच्या ताब्यात आहे ते सगळे अधिकारी, इंजिनिअर साहेब आणि आम्ही निवडून दिलेले लोकप्रतिनिधी, यांस

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ऑफिसचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. मला कोणाची बदनामी करायची नाहीये, मला फक्त एक विमान वाचवायचंय. बाग कुठली आणि ऑफिस कुठलं हे तुम्हाला माहितीये, आणि खाडीच्या बाजूनं मॉर्निंग वॉकला येणाऱ्या आमच्या सगळ्या लोकांनाही माहितीये. पत्र उघडं लिहितेय कारण आधीचे दोन अर्ज मी रीतसर आवक-जावकला देऊन पोच घेऊन आलेय, आणि त्यानंतर काहीच झालं नाही, थेट बागेच्या रेलिंगला नोटीस लागली.

नोटीसमध्ये लिहिलंय की बागेचं सुशोभीकरण होणार, त्यासाठी "जुने नादुरुस्त विमान" भंगार म्हणून लिलावात काढणार आणि त्या जागी कारंजं आणि सेल्फी पॉइंट होणार. खाली वजन दिलंय, अंदाजे. बाकी काही नाही. ते विमान कुठलं, कधीचं, कोणी चालवलेलं, एक अक्षर नाही, फक्त वजन. मी ती नोटीस तीनदा वाचली आणि तिथंच रेलिंगला धरून उभी राहिले, वॉचमन काकांनी विचारलं ताई बरं वाटत नाही का, तेव्हा भानावर आले.

माझा काय संबंध ते आधी सांगते, म्हणजे ह्या बाईला काय पडलंय असं वाटायला नको. माझे वडील १९६२ साली १८व्या वर्षी हवाई दलात भरती झाले, एअरफ्रेम फिटर म्हणून. पायलट नाही, हे ते स्वतः आधी सांगायचे. विमानाचा सांगाडा, पत्रा, चाकं, पंख हे ज्यांच्या हाताखालून जातं त्यातले ते. १५ वर्षं नोकरी करून बाहेर पडले आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागले, त्या काळात त्या पट्ट्यात असे एक्स-सर्व्हिसमन खूप होते. आम्ही आधी कळव्याला राहायचो, मग नवी मुंबईत आलो. १९९० च्या दशकात बागेत हे विमान आणून बसवलं तेव्हा क्रेन बघायला अख्खा सेक्टर जमला होता आणि बाबा गर्दीत सगळ्यात पुढे. त्यांनी लांबूनच ओळखलं, "अगं, नॅट आहे ही!" मग जवळ जाऊन शेपटीवरचा नंबर वाचला आणि म्हणाले, ही माझ्या हातची नाही, पण हिच्या बहिणींवर मी काम केलंय.

रिटायर झाल्यावर बाबा रोज सकाळी तिथे जायचे. आणि दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, ते एक काम करायचे जे तुमच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नसेल. विमानाच्या पोटाखाली आणि पंखांच्या खालच्या बाजूला बारीक बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेली. ती मातीनं, कुंभारीण माशीच्या घरट्यांनी बुजतात. बाबा घरून विझलेल्या अगरबत्तीच्या काड्या जमवून न्यायचे, त्या कागदाच्या पुडीत बांधलेल्या असायच्या, आणि गवतावर पाठीवर पडून एकेक भोक मोकळं करायचे. बरोबर माझी मुलगी, तेव्हा ती दुसरी-तिसरीत असेल, ती काड्या हातात द्यायची. एखाद्या भोकातून काळं पाणी धारेनं यायला लागलं की बाबा तिला म्हणायचे, बघ, इतका वेळ हे पाणी पत्रा खात होतं. त्या वेळचे वॉचमन अडवायचे नाहीत, उलट चहा आणून द्यायचे.

बाबा गेले त्याला नऊ-दहा वर्षं झाली. त्यानंतर ती भोकं कोणी साफ केली नाहीत. मी केली नाहीत हेही मान्य करते, मला वाटलं ते आता तुम्ही करत असाल.

आता हे विमान म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्या पाटीवर "मिग विमान" लिहिलंय आणि ते चूक आहे. हे फॉलंड नॅट. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर नावाच्या इंग्लिश इंजिनिअरनं डिझाइन केलेलं. लढाऊ विमानं दरवर्षी अजून जड अजून महाग होत चालली होती, त्याला वैतागून त्यानं ठरवलं की छोटं, हलकं, स्वस्त आणि चपळ विमान करायचं. १९५५ साली ते पहिल्यांदा उडालं. गंमत अशी की ब्रिटनच्या हवाई दलानं लढाऊ नॅट घेतलंच नाही, त्यांनी फक्त दोन सीटवालं ट्रेनिंगचं घेतलं, त्यांच्या रेड ॲरोज ह्या हवाई कसरतींच्या टीमचं पहिलं विमान तेच. पण भारतानं लढाऊ नॅट घेतलं आणि बंगळुरूला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये, बनवायलाही सुरुवात केली. ह्या एचएएलची सुरुवात १९४० साली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी केली होती हे किती जणांना माहितीये? लांबी २९ फुटांच्या आत, आमच्या सोसायटीत दोन गाड्या एकामागे एक लावतात साधारण तेवढी, आणि पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम २२ फूट. आणि चाकांची दारं अशी केलेली की हवेत चाकं अर्धवट खाली सोडली की तीच एअरब्रेकचं काम करायची, वेगळे ब्रेक बसवायची गरज नाही, म्हणजे तेवढं वजन वाचलं. बाबा हे सांगताना दोन्ही हातांचे पंजे खाली वाकवून दाखवायचे.

ह्या एवढ्याशा विमानानं ३ सप्टेंबर १९६५ ला काय केलं ते पुस्तकात आहे. स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना त्या दिवशी पाकिस्तानचं सेबर, म्हणजे त्यांचं अमेरिकन बनावटीचं लढाऊ विमान, पाडल्याचं श्रेय मिळालं. नंतर १९७१ मध्ये, २२ नोव्हेंबरला, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर, बोयराच्या आकाशात चार नॅट सेबर्सना भिडली. आणि १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर सेबर्स चालून आली तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों ज्या विमानातून उडाले आणि परत आले नाहीत ते नॅटच होतं. हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे. साहेब, रिकाम्या नॅटचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास भरतं. तेवढ्या वजनाला काय भाव लागेल तो लागो, तुमच्या कारंज्याचा एक पाइपसुद्धा त्यात येईल का मला शंका आहे.

आता तक्रारी. ओळीनं मांडते, कारण अर्जात मांडल्या होत्या त्या कोणी वाचल्या असाव्यात असं वाटत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी, रंग. चार-पाच वर्षांपूर्वी कुठल्यातरी अभियानात बागेतले बाक, झोपाळे, रेलिंग सगळ्याला रंग मारला तेव्हा त्याच कॉन्ट्रॅक्टरनं विमानालाही मारला. तोच जाड ऑइल पेंट, वरून थापलेला, खाली काही न घासता. आणि तो रंग त्या पाण्याच्या भोकांवरूनही गेला. म्हणजे बाबा जी भोकं काडीनं मोकळी ठेवत होते ती आपण रंगानं कायमची बुजवली. आता पाऊस जॉइंटमधून आत जातो आणि बाहेर येत नाही. नवी मुंबईचा पाऊस, आणि वारा खाडीवरून येणारा, खारा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट असतात, दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारं पाणी, ही साधी बॅटरीच झाली, आणि ह्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. गेल्या महिन्यात मी उजव्या पंखाखाली बसून बघितलं, रंगाला फोड आलेत पुरणपोळी फुगते तसे, एक फोड नखानं दाबला तर आतून पांढरी भुकटी पडली हातावर. ती भुकटी म्हणजे विमानाचा पत्रा. तुम्ही नोटीसमध्ये त्याला "नादुरुस्त" म्हणता, पण नादुरुस्त केलं कोणी?

दुसरं, चाकं. सुरुवातीला विमान स्टँडवर होतं, नंतर पेव्हर ब्लॉकचं काम निघालं तेव्हा चाकांच्या भोवती थेट काँक्रीट ओतलं. पाय काँक्रीटमध्ये, म्हणजे तिथली ओल कधीच सुकत नाही, आणि उद्या कोणी ते हलवायचं म्हटलं तर ब्रेकर लावावा लागेल. कॉकपिटची काच दुधासारखी पांढरी झालीय, एका बाजूनं फुटलीय, आत गुटख्याच्या पुड्या आणि एक चप्पल आहे. हवा आत घ्यायची जी दोन तोंडं असतात त्यात कबुतरं. पंखाच्या मुळाशी पिंपळ उगवलाय, वीतभर झालाय.

तिसरं म्हणजे पाटी. ती चूक आहे हे वर सांगितलंच. मुलं येतात, मिग समजून फोटो काढतात, जातात. खरं मिग-२१ गेल्या वर्षीच, २६ सप्टेंबर २०२५ ला, हवाई दलातून निवृत्त झालं, टीव्हीवर दिवसभर दाखवत होते, त्या संध्याकाळी बागेत एक आजोबा नातवाला हेच ते म्हणून दाखवत होते. मी जाऊन सांगितलं तर त्यांनी पाटीकडे बोट केलं. काय बोलणार?

आणि चौथी तक्रार, की कोणालाच विचारलं नाही. हवाई दलाकडून आलेली वस्तू आहे, विकायच्या आधी निदान त्यांना एक पत्र टाकायला हवं होतं, तुम्हाला नको असेल तर कदाचित त्यांना हवी असेल. आम्हा रहिवाशांना तर नाहीच विचारलं.

आता कोणी म्हणेल की विमानं जपणं हे श्रीमंत देशांचे लाड आहेत. मी गेल्या काही वर्षांत जेवढी विमानांची म्युझियम्स बघता आली तेवढी बघितलीत. मुलगी इंग्लंडला नोकरीला लागली, दीर न्यू जर्सीला आहेत, त्यामुळे जायला मिळालं, आणि गेले तिथे बाकी लोक राजवाडे बघायचे आणि आम्ही मायलेकी हँगर शोधायचो. म्हणून सांगते, तिथे पैसा आहे हे खरंच, पण मला जे दिसलं ते वेगळंच होतं.

केंब्रिजजवळ डक्सफर्ड म्हणून जुना एअरफील्ड आहे, तिथे इम्पीरियल वॉर म्युझियमचा विमानांचा संग्रह. कॉनकॉर्ड प्रवासी विमानाच्या आत चढता येतं, नॉर्मन फॉस्टरनं डिझाइन केलेल्या मोठ्या कमानीच्या इमारतीत अख्खं बी-५२ बॉम्बर बसवलंय. हे सगळं भारी आहेच. पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते दुरुस्तीच्या हँगरमध्ये. तिथे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ स्टुलावर बसून टूथब्रशनं एका पॅनेलच्या कडेची घाण काढत होते. बाजूला बरणीच्या झाकणात स्क्रू, प्रत्येक स्क्रूखाली कागदाची चिठ्ठी, कुठल्या भोकातला ते लिहिलेलं. मी विचारलं तुम्ही इथे नोकरीला का, तर म्हणाले नाही, मी आठवड्यातून एक दिवस येतो, पगार नाही. मी त्यांना मोबाइलमध्ये बाबांचा फोटो दाखवला, नॅटखाली पाठीवर पडलेले, हातात अगरबत्तीची काडी. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितला आणि काही न बोलता मला स्टूल दिलं बसायला.

मग कॉसफर्डला गेलो, रॉयल एअर फोर्स म्युझियमची दुसरी शाखा. २०१३ साली त्यांनी इंग्लिश खाडीतून एक जर्मन डॉर्निअर १७ बाहेर काढलं, १९४० पासून वाळूत बुडालेलं. ७० वर्षं खाऱ्या पाण्यात. त्यांनी काय केलं, तर प्लास्टिकच्या कापडाचे बोगदे बांधले, शेतात पॉलिहाउस असतं तसे, आणि आत विमानाचे तुकडे ठेवून सायट्रिक ॲसिडच्या पाण्याचे फवारे मारत राहिले, महिनोन्‌महिने, म्हणजे मीठ आणि समुद्रातलं किटण हळूहळू सुटावं. सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्व हो, किराणा दुकानात मिळतं ते! समुद्राच्या तळाशी ७० वर्षं पडलेल्या शत्रूच्या विमानासाठी ते हे करतात, आणि आपण बागेतल्या आपल्या विमानाला पत्र्याची शेड देऊ शकत नाही?

आणि हेंडन, त्याच म्युझियमची लंडनमधली शाखा, प्रवेश फुकट. तिथे लिबरेटर म्हणून एक मोठं चार इंजिनांचं बॉम्बर आहे, त्याची माहिती वाचताना मी मुलीचा हात धरला. ते विमान भारतातून आलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी कितीतरी लिबरेटर कानपूरला टाकून दिली होती, परत कोणी उडवू नये म्हणून मुद्दाम मोडतोड करून. एचएएलच्या लोकांनी त्या भंगारातून सुमारे ४० विमानं पुन्हा उभी केली. जमशेद मुन्शी नावाचे टेस्ट पायलट ती कानपूरहून बंगळुरूला उडवत न्यायचे. आपल्या हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. आणि मग जगभरच्या म्युझियम्सना जाग आली की अरे, ही विमानं तर आता फारशी कुठे उरलीच नाहीत, भारतात मात्र आहेत. आज ब्रिटनमध्ये, कॅनडात, अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा म्युझियममध्ये जी लिबरेटर उभी आहेत ती आपल्या हवाई दलाची होती. म्हणजे ज्याला बाकीच्यांनी भंगार म्हणून फेकलं ते आपल्या फिटर लोकांनी, बाबांच्या आधीच्या पिढीनं, जिवंत ठेवलं म्हणून जगाला आज बघायला मिळतंय. हे वाचून मी इथे परत येते आणि रेलिंगवर तुमची नोटीस बघते.

वॉशिंग्टनजवळच्या उडवार-हाझी सेंटर ह्या विमानांच्या म्युझियमबद्दल जास्त लिहीत नाही, तिथे डिस्कव्हरी स्पेस शटल आहे, एसआर-७१ हे हेरगिरीचं विमान आहे, जाईल त्यानं बघावंच. एकच सांगते, तिथे दुरुस्तीचा हँगर वरच्या गॅलरीतून काचेतून बघता येतो, काम चाललेलं लोकांना दिसतं. पत्रा उघडा, वायरी लोंबतायत, काही लपवलेलं नाही. मुलं काचेला नाक लावून उभी होती.

बरं, परदेश सोडा. दिल्लीला पालमचं हवाई दलाचं म्युझियम १९६७ पासून आहे. तिथे मी बाबांना घेऊन गेले होते. जगात उरलेलं एकमेव वापिती तिथे आहे, आपल्या हवाई दलाचं पहिलं विमान ते. बाबांनी ते नीट बघितलं, पण नॅटसमोर आल्यावर नेहमीसारखं वाकले आणि पोटाखाली बघायला लागले. तिथल्या जवानानं विचारलं काका काय शोधताय, तर बाबा म्हणाले, "काही नाही, भोकं मोकळी आहेत का बघतोय." तो हसला आणि मग त्यानं बाबांना सॅल्यूट केला. गोव्याला दाबोळीला नौदलाचं म्युझियम आहे, तिथेही बरीच विमानं समुद्राच्या हवेत उघड्यावरच आहेत, त्यात एक अख्खं सुपर कॉन्स्टेलेशन आहे जे एकेकाळी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, पण तिथे माणसं नेमलेली आहेत, लोक तिकीट काढून येतात. विशाखापट्टणमला तर समुद्रकिनाऱ्यावर टीयू-१४२ म्हणून केवढं मोठं विमान, २०१७ च्या मार्चमध्ये नौदलातून निवृत्त झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये म्युझियम म्हणून लोकांना खुलं झालं. तमिळनाडूतून उडत विशाखापट्टणमला आलं, तिथे सुटं करून किनाऱ्यावर नेलं, परत जोडलं. आपल्याच देशातलं शहर आहे ते.

आणि दुसऱ्या बाजूला आपली मुंबई. विक्रांत आठवतेय? १९७१ ची लढाई लढलेली विमानवाहू नौका. १९९७ ला निवृत्त झाली, म्युझियम म्हणून मुंबईत उभी होती, नेव्ही वीकला आम्ही बाबांबरोबर रांग लावून बघितलीय, मुलीला खांद्यावर घेऊन. २०१२ ला म्युझियम बंद झालं, २०१४ मध्ये भंगारात विकली आणि मुंबईतल्याच दारुखाना भागात तोडली. तिच्या पत्र्यापासून पुढे मोटरसायकली निघाल्या. बाबांनी ती बातमी पेपरमधून कापून ठेवली होती, त्यांच्या डब्यात अजून आहे. मला एवढंच म्हणायचंय की एवढं मोठं जहाज वाचवणं कठीण होतं, खर्च करोडोंचा होता, समजू शकते. पण नॅट? २९ फुटी नॅट?

उलटही झालंय आपल्याकडे. आयर्लंडमध्ये एक डाकोटा मालवाहू विमान भंगारात पडलं होतं, ते तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी स्वतःच्या खर्चानं विकत घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त करून हवाई दलाला दिलं, कारण त्यांचे वडील डाकोटाचे पायलट होते. २०१८ मध्ये ते उडत भारतात आलं, नाव ठेवलं परशुराम, आणि नंबर दिला व्हीपी ९०५, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवणाऱ्या डाकोटाचा. माझ्याकडे विमान विकत घ्यायला पैसे नाहीत. माझे वडीलही पायलट नव्हते, फिटर होते. पण जे माझ्याकडे आहे ते मी द्यायला तयार आहे, ते खाली सांगते.

तर मागण्या.

लिलाव थांबवा. पुढे ढकलू नका, रद्दच करा, आणि तशी नोटीस त्याच रेलिंगला लावा.

हवाई दलाला पत्र लिहून एखादा जाणकार माणूस बोलवा, विमानाची तपासणी करून लेखी अहवाल घ्या. कॉकपिट आणि सीटला तोपर्यंत कोणी हात लावू नये, ते त्यांनाच करू दे. आणि पावसाळा तोंडावर आहे, त्याआधी निदान ती भोकं उघडा, पिंपळ मुळासकट काढा, हवेच्या तोंडांना जाळी बसवा. ह्याला टेंडर लागत नाही, एक दिवस आणि दोन माणसं लागतात.

वर शेड हवी. बॅडमिंटन कोर्टावर घालतो तशी पत्र्याची चालेल, मला काचेची इमारत नकोय. कारंजं बागेत दुसरीकडे करा, जागा आहे, कचराकुंडीच्या शेजारचा कोपरा तीन वर्षं रिकामा आहे. पाय काँक्रीटमधून सोडवून विमान स्टँडवर घ्या. रंग मारायचाच असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय ब्रश लावू नका. पाटी मराठीत आणि खरी लावा, मजकूर मी लिहून देते, हवाई दलाच्या माणसांकडून तपासून घ्या. त्यात सेखोंचं नाव असू दे, आणि एक ओळ जमिनीवर काम करणाऱ्यांबद्दलही असू दे, नाव नका घालू कोणाचं.

आणि आम्हाला शनिवार सकाळचे दोन तास द्या. आमच्या नोडमध्येच हवाई दल, नौदल आणि विमान कंपन्यांमधून रिटायर झालेले कितीतरी लोक आहेत, मी सात जणांशी बोललेय, सातही तयार आहेत, एकजण तर आयुष्यभर सांताक्रूझच्या हँगरमध्ये शीट मेटलचं काम केलेले आहेत. पगार नको, चहा आमचा आम्ही आणू. तुम्ही फक्त लेखी परवानगी द्या आणि वॉचमन काकांना सांगा की ह्यांना अडवू नका.

हे काहीच जमणार नसेल तर निदान विमान अख्खं कोणाला तरी द्या. म्युझियम असेल, इंजिनिअरिंग कॉलेज असेल, जो सांभाळेल त्याला. कापू नका.

एक मागणी लांब पल्ल्याची आहे, ती एकट्या तुमच्या हातात नाही, तरी लिहिते. २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. उलव्याच्या बाजूनं रात्री दिवे दिसतात, मी गच्चीवर जाऊन बघते. त्या विमानतळाच्या आसपास हजारो कोटींच्या योजना येणार, हॉटेलं येणार, मॉल येणार. त्यात एक हँगर एवढी जागा विमानांच्या म्युझियमसाठी राखून ठेवा असं तुम्ही ठराव करून वर पाठवा. १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उडाले ते जुहूला उतरले, म्हणजे ह्या देशाच्या विमानसेवेच्या सुरुवातीशी आपल्या परिसराचं नातं आहे, आणि ते सांगणारी एक धड जागा ह्या परिसरात असायला नको का? असं म्युझियम कधी झालंच तर आमच्या बागेतली नॅट तिथे न्या, मी स्वतः टेम्पोच्या मागे चालत येईन. पण तोपर्यंत ती टिकली पाहिजे.

मुलीला नोटीसचा फोटो पाठवला तेव्हा तिकडे रात्रीचे दोन वाजले होते, तरी तिनं लगेच फोन केला. ती एवढंच म्हणाली, आई, आजोबांचा डबा आहे ना अजून? डबा आहे. त्यात पेपरची कात्रणं आहेत, त्यांच्या स्क्वाड्रनचा एक ग्रुप फोटो आहे, आणि कागदाच्या पुडीत अगरबत्तीच्या काड्या आहेत, २०१५ च्या पावसाळ्यासाठी जमवलेल्या, त्यातल्या निम्म्या उरल्यात.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी बागेत आहे. लिलाव रद्द होवो न होवो, मी उजव्या पंखाखाली बसून रंगानं बुजलेली भोकं खडूनं खुणा करून ठेवणार आहे, मोडणार काहीच नाही. तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर साहेब आले तर एकेक दाखवते, अर्ध्या तासाचं काम आहे. खाली बसायला जुनी चटई मी घेऊन येते.

आपली,
नॅटच्या एका फिटरची मुलगी,
नवी मुंबई